कार्ड मागितलं, कपाट मिळालं

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयाला तालुक्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयानं सामान दिलं. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, पाठ मोडलेल्या सहा खुर्च्या, कार्डं ठेवायचा लाकडी खणांचा पेटारा आणि तीन पोती पुस्तकं. त्यांच्याकडं कॉम्प्युटर आला, नवं फर्निचर आलं, म्हणून डेडस्टॉक रजिस्टरातून कमी केलेला हा माल. टेम्पोचं भाडं आम्ही दिलं. कपाटांच्या किल्ल्या हरवल्यात म्हणाले, त्या आम्ही शंभर रुपये देऊन करून घेतल्या. छोटासा कार्यक्रम झाला. हार झाले, फोटो झाले. त्यांचे कार्यवाह भाषणात म्हणाले, "आता तुमच्या मुलांना एवढ्या लांब गावात यायची गरज राहिली नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातनं जाईना. आमच्या पोरांनी त्या वाचनालयात सभासद व्हायला दोनदा अर्ज दिले होते. दोन्ही वेळा, जुन्या सभासदाची शिफारस आणा, म्हणून परत आले. जुने सभासद कोण, कुठल्या आळीतले, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे पोरांनी मागितलं होतं कार्ड, आणि आलं कपाट. आणि कपाट आल्यावर कार्डाचा विषयच मिटला, असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं.

एका वाचनालयानं आपलं जास्तीचं सामान दुसऱ्याला देणं, ह्यात वरवर बघता काहीच वावगं नाही. चांगलंच काम आहे. पण ह्या चांगल्या कामाचाही एक इतिहास आहे आणि तो आपण वाचायला हवा. तो अमेरिकेतला आहे. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा नाव आपण तिथल्या काळ्या भावांकडून घेतलं. तेव्हा त्यांची ही वाचनालयाची गोष्टही आपल्या घरातलीच समजा.

अलेक्झांड्रिया नावाचं शहर आहे. इजिप्तमधलं ते प्रसिद्ध ग्रंथालयाचं नव्हे. हे व्हर्जिनिया राज्यातलं, पोटोमॅक नदीच्या काठावरचं. नदीपल्याड राजधानी वॉशिंग्टन. ह्याच गावात ड्यूक स्ट्रीटवर १८२८ पासून फ्रँकलिन आणि आर्मफील्ड ह्यांची माणसं विकायची पेढी होती, देशातल्या सगळ्यात मोठ्या पेढ्यांतली एक. इथून माणसं साखळ्यांत बांधून दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर धाडली जात. गुलामगिरी कायद्यानं गेली १८६५ ला. पण १८९६ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं प्लेसी खटल्यात सांगून टाकलं, की काळ्यांना वेगळं ठेवलं तरी चालेल, फक्त सोयी समान द्या. वेगळं पण समान. ह्यातलं "वेगळं" तेवढं दुसऱ्या दिवसापासून अमलात आलं. "समान"ची वाट काळी माणसं पुढं साठ वर्षं बघत बसली.

अलेक्झांड्रियात वर्गणीचं वाचनालय १७९४ पासून होतं. १९३७ साली ते सार्वजनिक झालं. क्वीन स्ट्रीटवर नवी इमारत उठली. इमारतीला पैसा दिला डॉक्टर बॅरेट नावाच्या धनिकानं, आपल्या आईच्या स्मरणार्थ. पण ती चालवायचा खर्च नगरपालिकेच्या तिजोरीतून. आणि तिजोरीत कर कोणाचा? गोऱ्यांचा, तसाच काळ्यांचाही. दारावर सार्वजनिक म्हणून पाटी, आणि आत काळ्याला कार्ड नाही. (१९३७ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई हायकोर्टानं महाडच्या चवदार तळ्याचा निकाल आपल्या बाजूनं दिला. सत्याग्रह झाला होता १९२७ ला. दहा वर्षं लागली.)

त्या वाचनालयापासून दोन चौक सोडून, त्याच क्वीन स्ट्रीटवर, एका काळ्या पोराचं घर होतं. सॅम्युअल विल्बर्ट टकर. जन्म जून १९१३. त्याच उन्हाळ्यात आपले बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. हा निव्वळ योगायोग, त्यातनं काही सिद्ध होत नाही, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. टकरच्या गावात काळ्या पोरांना हायस्कूलच नव्हतं. आठवीच्या पुढं शिकायचं तर नदी ओलांडून वॉशिंग्टनला. म्हणून हा पोरगा ट्रामनं जायचा. जून १९२७ मध्ये, म्हणजे महाडनंतर तीनच महिन्यांनी, ट्राममध्ये एका गोऱ्या बाईनं ह्याला आणि ह्याच्या भावांना जागेवरून उठायला सांगितलं. पोरं उठली नाहीत. टकर तेव्हा चौदा वर्षांचा. खटला झाला, खालच्या कोर्टानं दंड ठोकला, वर अपील केलं तेव्हा ज्युरीनं सोडलं. ज्युरी सगळी गोरी होती, हेही सांगितलं पाहिजे. जे घडलं ते सगळं सांगावं.

पुढं टकर हॉवर्ड विद्यापीठातून पदवीधर झाला. लॉ कॉलेजात गेला नाही. एका काळ्या वकिलाच्या कचेरीत बसून कायदा वाचला, परीक्षा दिली, पास झाला. सनद घ्यायला वय कमी पडलं म्हणून एकवीस पुरी होईपर्यंत थांबला. असा हा माणूस. ज्याला कायदा शिकायला पुस्तकं लागली, आणि घरापासून दोन चौकांवरचं वाचनालय ज्याला बंद.

मार्च १९३९ मध्ये टकर आणि जॉर्ज विल्सन नावाचे एक निवृत्त फौजी सार्जंट क्वीन स्ट्रीटच्या वाचनालयात गेले आणि विल्सनच्या नावानं कार्ड मागितलं. मिळालं नाही. मग टकरनं कोर्टात दावा लावला, की करदात्या नागरिकाला कार्ड द्यायचा हुकूम ग्रंथपालाला करावा. दावे कसे चालतात ते आपल्याला ठाऊक आहे. टकरलाही ठाऊक होतं. म्हणून दाव्याच्या जोडीला त्यानं दुसरं काम सुरू केलं. वस्तीतली विशी-बाविशीची पोरं गोळा केली आणि त्यांना शिकवलं. कपडे चांगले घालायचे. आवाज चढवायचा नाही. कार्ड मागायचं. नाही म्हटलं की शेल्फातून एक पुस्तक काढायचं, टेबलाशी बसायचं आणि वाचायचं. दुसरं काही करायचं नाही.

२१ ऑगस्ट १९३९, सोमवार. ऐनवेळी काही पोरं मागं हटली, पाच आली. त्यांची नावं लिहून ठेवा: विल्यम एव्हान्स, ओटो टकर (हा वकिलाचा धाकटा भाऊ), एडवर्ड गॅडिस, मॉरिस मरे, क्लॅरेन्स स्ट्रेंज. एकेक जण थोड्या थोड्या अंतरानं आत गेला. कार्ड मागितलं, नकार आला, पुस्तक घेतलं, निरनिराळ्या टेबलांशी जाऊन बसले. एका टेबलाशी सगळे बसले तर गप्पा मारतात असा आरोप होईल, म्हणून टेबलं वेगळी. किती विचार केला होता बघा! क्लॅरेन्सचा चौदा वर्षांचा धाकटा भाऊ रॉबर्ट दारापाशी. आत काय चाललंय ते पळत जाऊन टकरच्या कचेरीत सांगायचं, हे त्याचं काम. टकर मुद्दाम कचेरीतच बसला होता आणि वर्तमानपत्रवाल्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

ग्रंथपाल बाई घाबरल्या. वाचनालयात माणसं वाचतायत म्हणून घाबरल्या! नगरपालिकेकडं धावल्या, पोलीस आले. पोरांना बाहेर काढलं तेव्हा रस्त्यावर शेकडो माणसं जमली होती, फोटोवाले होते. पाचही जण शांतपणे पोलिसांबरोबर चालत गेले. आरोप ठेवला शांततेचा भंग. कोर्टात टकरनं पोलिसालाच उलट विचारलं, की ह्यांनी नेमका कसला दंगा केला? गोरा असता आणि असाच वाचत बसला असता तर अटक केली असती का? पोलिसाजवळ उत्तर नव्हतं. न्यायाधीशांपुढं पेच पडला. दोषी ठरवावं तर कायदा आड येतो, निर्दोष सोडावं तर गाव आड येतं. त्यांनी तारीख पुढं ढकलली. परत ढकलली. निकाल दिलाच नाही. ह्या पाच जणांवरचे आरोप रीतसर काढून टाकले गेले ते ऑक्टोबर २०१९ मध्ये. ऐंशी वर्षांनी. तोवर त्यातलं कोणी ते ऐकायला उरलं नव्हतं.

आता सामानाकडं येतो.

जानेवारी १९४० मध्ये विल्सनच्या दाव्याचा निकाल लागला. अर्ज नीट भरला नव्हता, असल्या तांत्रिक कारणानं तो फेटाळला. पण जाता जाता कोर्टानं मान्य केलं, की गावच्या नागरिकाला रंगावरून कार्ड नाकारायला कायद्याचा आधार नाही. म्हणजे पुढचा अर्ज नीट भरला की दार उघडणार. हे वाचनालयाच्या मंडळाला कळलं आणि मग काय ती धावपळ! जी नगरपालिका काळ्यांच्या वाचनालयासाठी आजवर वेळ नाही, पैसा नाही म्हणत होती, तिनं काही आठवड्यांत जागा ठरवली आणि इमारत उभी केली. आल्फ्रेड आणि वाइथ ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, काळ्यांच्या वस्तीत, एक छोटी विटांची इमारत. एप्रिल १९४० मध्ये तिथं काळ्यांसाठी वेगळं वाचनालय उघडलं. नाव दिलं रॉबर्ट एच. रॉबिन्सन ह्यांचं. हे पाद्री आणि शिक्षक होते, आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यावर गुलाम असलेल्या एका बाईचे नातू. नाव मोठं दिलं. वस्तीला नावाचा अभिमान वाटेल ह्याची तजवीज केली. असलं शहाणपण त्यांच्याकडंही आहे.

आणि आत काय भरलं? क्वीन स्ट्रीटच्या वाचनालयातलं वापरलेलं फर्निचर आणि तिथली जुनी पुस्तकं. इमारत लहान, पुस्तकं थोडी. बाकी मुख्य वाचनालयात जे नकोसं झालं होतं, त्यानं ह्या वाचनालयाचं पोट भरलं.

नीट बघा, इथं काय झालं ते. ह्या सामानाची किंमत रजिस्टरात शून्य झाली होती. पण त्याच शून्य किमतीच्या सामानानं नगरपालिकेचं फार मोठं काम करून दिलं. कार्डाचा दावा निकालात निघाला. आता कोणी काळा माणूस क्वीन स्ट्रीटला आला तर बाई गोड बोलून सांगणार, तुमचं वाचनालय तिकडं आहे ना! नकारसुद्धा द्यावा लागत नाही. आपल्याकडं वेगळ्या विहिरी खणून देण्याची कामं सरकारनं केली, हरिजन सेवक संघानंही केली. पाणी मिळालं, खोटं कशाला बोलू. पण पाणवठ्याचा प्रश्न पाण्याचा नव्हता. चवदार तळ्याचं पाणी प्यायला मिळालं नाही म्हणून आपण मरत नव्हतो, हे बाबासाहेबांनी महाडलाच सांगितलं. तळ्यावर जायचं ते इतरांसारखी माणसं म्हणून.

टकरनं हे ओळखलं होतं. फेब्रुवारी १९४० मध्ये वाचनालयाकडून त्याला पत्र आलं, की नव्या शाखेचं कार्ड तयार आहे. त्यानं उलट पत्र लिहिलं. मी अर्ज केला तो क्वीन स्ट्रीटच्या कार्डासाठी. त्याच्या बदल्यात दुसरीकडचं कार्ड मी घेणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. ह्या अर्थाचं ते पत्र आहे. गावातल्या कर्त्या काळ्या मंडळींनी मात्र तडजोड पत्करली. काहीच नव्हतं त्यापेक्षा काहीतरी आलं, असं त्यांना वाटलं.

इथं मला जरा थांबावं लागतं. टकर बरोबर होता, ह्यात मला शंका नाही. पण रॉबिन्सन वाचनालयात ज्या काळ्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक हातात घेतलं, त्यांना मी काय म्हणून हसू? पुस्तक जुनं असलं तरी अक्षर तेच. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला १९०५ साली काळ्यांसाठी पहिली शाखा निघाली, भाड्याच्या खोल्यांत. थॉमस फाउंटन ब्ल्यू हे काळे गृहस्थ तिचे प्रमुख. १९०८ ला तिला कार्नेगीच्या पैशातली इमारत मिळाली. तीही वेगळीच शाखा, तोही जिम क्रोचाच कारभार. पण ब्ल्यूनं तिथं काळ्या ग्रंथपालांना तयार करायचा वर्ग चालवला आणि त्यातून शिकलेल्या बायका दक्षिणेत ठिकठिकाणी ग्रंथपाल झाल्या. तेव्हा वेगळं दिलं ते सगळं टाकून द्या, असं सरसकट मी म्हणू शकत नाही. जुन्या पुस्तकांचंही तसंच. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ढीगभर पुस्तकं घेतली. पण निवडून घेतली, पोटाला चिमटा काढून विकत घेतली. कोणीतरी पोत्यात भरून पाठवली नव्हती.

पोत्यात भरून आलेल्या पुस्तकांत काय नसतं, ते मिसिसिपीतल्या जॅक्सन गावात कळलं. २७ मार्च १९६१. टूगालू कॉलेजचे नऊ काळे विद्यार्थी आधी काळ्यांच्या वाचनालयात गेले. मुद्दाम अशी पुस्तकं मागितली जी तिथं नाहीत हे त्यांना माहीत होतं. नाहीत म्हणाल्यावर ते तडक गोऱ्यांच्या मुख्य वाचनालयात गेले, पुस्तकं काढली आणि वाचत बसले. अटक झाली. आधी "समान"चं पितळ उघडं पाडलं, मग "वेगळं"वर बोट ठेवलं. आपल्या विद्यार्थी संघटनांनी ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आणि लुइझियानातलं क्लिंटन गाव. तिथलं वाचनालय तीन परगण्यांना पुस्तकांच्या मोटारी पाठवी. लाल मोटार गोऱ्यांची, निळी मोटार काळ्यांची. (निळा रंग आपला, पण तिथं तो त्यांनी ठरवून दिलेला.) काळ्याच्या कार्डावर निग्रो म्हणून शिक्का. ७ मार्च १९६४ ला हेन्री ब्राउन आणि चार साथी वाचनालयात गेले आणि आर्ना बॉन्टेम्प्स ह्या काळ्या लेखकाचं काळ्यांच्या इतिहासावरचं पुस्तक मागितलं. नव्हतं. मागवून देते, म्हणाल्या बाई. तरी ते पाचही जण तिथंच थांबले, एक बसून, चार उभे, गप्प. दहा-पंधरा मिनिटांत शेरीफ आला. पुढं पुस्तक ब्राउनला पोस्टानं आलं, आणि सोबत सूचना, की परत करताना पोस्टानं करा नाहीतर निळ्या मोटारीत द्या. इकडं येऊ नका! फेब्रुवारी १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाचांची शिक्षा रद्द केली. पाच न्यायाधीश बाजूनं, चार विरोधात. एका मताचा फरक.

अलेक्झांड्रियाचं मुख्य वाचनालय काळ्यांना खुलं व्हायला १९५९ उजाडलं, तेही आधी मोठ्यांना आणि हायस्कुलातल्या पोरांना. लहानग्यांना आणखी थांबावं लागलं. मग रॉबिन्सन वाचनालय बंद झालं. मुख्य दार उघडल्यावर त्याची गरज उरली नाही, तेव्हा ते ज्या कामासाठी उभं केलं होतं ते काम कोणतं, हे आपसूक कळलं. पुढं त्या इमारतीला वस्तीनंच हात दिला. १९८३ पासून तिथं काळ्यांच्या इतिहासाचं केंद्र आहे, आता संग्रहालय. टकर शाळांच्या खटल्यांत आयुष्यभर लढला. १९६८ चा ग्रीन खटला, ज्यानं शाळांतली वेगळी रांग मोडायला सक्तीची सुरुवात झाली, त्यातला तो वकील. १९९० ला वारला. त्याच्या गावात त्याच्या नावाची शाळा आहे.

आता परत आमच्या कपाटाकडं. हे सगळं मी वाचनालयाच्या बैठकीत सांगितलं. एक पोरगं म्हणालं, "मग कपाट परत देऊ की!" दुसरा म्हणाला, "येड्या, आधी त्यातली पुस्तकं तर बघ." बघितली. तीन पोत्यांत धर्मग्रंथांच्या पोथ्या, तुटक्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, गेल्या पिढीच्या अभ्यासक्रमातली गाईडं. फुले नाहीत, बाबासाहेब नाहीत, बाबुराव बागूल नाहीत. हे लेखक त्यांच्याकडं नाहीत असं नव्हे. ते त्यांनी ठेवून घेतलेत, आणि ते वाचायला तिथंच जावं लागेल. भांडण झालं, उशिरापर्यंत चाललं. शेवटी ठरलं की सामान ठेवायचं, पण पोहोच लिहून द्यायची आणि त्या पोहोचेत स्पष्ट लिहायचं, की हे सामान आम्ही आमच्या सभासदत्वाच्या अर्जांच्या बदल्यात स्वीकारलेलं नाही. तसं लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. मुलींच्या सह्या आधी.

त्याच्या जोडीला अकरा नवे अर्ज. वाचनालयाला सरकारी अनुदान आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अनुदान घ्यायचं आणि दार निवडून उघडायचं, हे कुठल्या नियमात बसतं ते लेखी कळवा, असं अर्जासोबत जोडलं. अनामतीचे पैसे वर्गणी काढून भरले, पावत्या घेतल्या. अकरापैकी चार कार्डं आली आहेत. सात अर्जांवर "शिफारस नाही" असा शेरा मारून परत पाठवलेत. ज्या चौघांना कार्डं मिळाली ते आता जुने सभासद झाले. येत्या रविवारी ते चौघं उरलेल्या सातांची शिफारस करायला त्यांच्याबरोबर जाणार आहेत. नेसत्या कपड्यांतले चांगले कपडे घालून, पाचच्या सुमारास, वाचनालय भरलेलं असतं तेव्हा.